निशाचरांची सकाळ : रात्रिजागरण आणि दिनचर्येचा व्यवहार

दिनचर्या सांगताना आपण बहुतेक सर्व वैद्य ब्राह्ममुहूर्तापासून आरंभ करतो. सूर्योदयापूर्वी सुमारे शहाण्णव मिनिटांपासून अठ्ठेचाळीस मिनिटांपर्यंतचा तो काळ. त्या वेळी उठावे, मलविसर्जन, दंतधावन, अंजन, नस्य, अभ्यंग, व्यायाम, स्नान या क्रमाने पुढे जावे, असे आपण सांगतो आणि रुग्ण मान हलवतो. मात्र समोर बसलेला रुग्ण त्याच ब्राह्ममुहूर्तावर कामावरून घरी परतत असेल, तर या उपदेशाचे त्याने काय करावे? आपल्या भंडारा जिल्ह्यात असे रुग्ण थोडे नाहीत. वरठीच्या पोलाद कारखान्याच्या भट्ट्या रात्री विझत नाहीत. जवाहरनगरचा आयुध निर्माणी कारखाना, तुमसर तालुक्यातील चिखला व डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणी, हंगामात चालणाऱ्या भातगिरण्या, साकोली-लाखनीवरून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावरचे चालक व धाबेवाले, रुग्णालयांतील परिचारिका, हे सर्व दिवसाची रात्र करणारे लोक आहेत. कृषिपंपांना वीज चक्राकार पद्धतीने मिळत असल्याने उन्हाळी धानाला पाणी देणारा शेतकरी आठवड्यातील काही रात्री बांधीच्या धुऱ्यावर काढतो. दिवसा वीज मिळावी म्हणून २०१७ साली शासनाने सौर कृषी वाहिनी योजना आणली, तरी हातात टॉर्च घेऊन रात्री मोटार सुरू करायला जाणारा माणूस आपल्या ओळखीचाच आहे.

दिवाळीनंतर मंडईचा हंगाम सुरू झाला की झाडीपट्टीच्या रंगभूमीचे कलावंत व प्रेक्षक यांत मिसळतात. रात्री उशिरा सुरू झालेले नाटक पहाटेपर्यंत चालते. प्रेक्षक एखाद-दुसरी रात्र जागतो. कलावंत मात्र आज एका गावी, उद्या दुसऱ्या गावी, असा महिनोन्महिने जागतो आणि झोप गाडीत घेतो. या रंगभूमीवरील ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा आम्हास आनंद झाला. त्याच वेळी असेही वाटले की, या कलावंतांच्या प्रकृतीचा विचार आपण वैद्यांनी कधी नेटाने केलेला नाही.

या सर्वांना ‘पहाटे उठा’ एवढेच सांगणे शास्त्राला धरूनही नाही. वाग्भटांनी ब्राह्ममुहूर्तावर उठण्यास सांगितले आहे ते स्वस्थ मनुष्यास. आणि अष्टांगसंग्रहात त्याच ठिकाणी आदल्या दिवसाचे अन्न जिरले की नाही हे पाहण्याची अट आहे. ज्याची झोप पुरी झालेली नाही व ज्याचे अन्न जिरलेले नाही, अशा मनुष्याला बळेच उठवणे हा या विधानाचा अर्थ नव्हे. ही अट आपण रुग्णास सांगत नाही, बहुधा आपल्यालाही ती विस्मरली असते.

मुळात दोन वेगळ्या अवस्था एकाच नावाखाली येतात. पहिला, ज्याला काम रात्री जागवते. दुसरा, ज्याला रात्री जागण्याची कोणतीही गरज नाही, परंतु एक-दोन वाजेपर्यंत झोपच येत नाही आणि सकाळी नऊपूर्वी डोळा उघडत नाही. या दुसऱ्या मनुष्यास घरचे लोक आळशी म्हणतात आणि आपण निद्रानाशाचा रुग्ण म्हणतो. आमच्या मते दोन्ही निदाने बहुधा चुकीची असतात.

निद्रानाशात मनुष्य कितीही वाजता अंथरुणावर पडला तरी झोप येत नाही, आली तरी मोडते, आणि सकाळी उशिरा उठला तरी अंग मोडून येते. उशिरा झोपणाऱ्याचे तसे नसते. त्याला त्याच्या वेळी झोपू दिले व त्याच्या वेळी उठू दिले, तर तो सात-आठ तास गाढ झोपतो व ताजातवाना उठतो. त्याची झोप बिघडलेली नसते, ती पुढे सरकलेली असते. म्हणून एकच प्रश्न विचारावा : ‘सुट्टीच्या दिवशी, कुणी उठवणारे नसताना, तुम्ही केव्हा झोपता, केव्हा उठता आणि उठल्यावर कसे वाटते?’ नाडी पाहण्यापूर्वी हा प्रश्न विचारण्याची सवय आम्ही लावून घेतली आहे. सुश्रुतांनी वातप्रकृतीच्या मनुष्यास जागरूक म्हटले आहे, त्यावरून प्रत्येक उशिरा झोपणारा वातप्रकृतीचा ठरवण्याचा मोह होतो. तो टाळावा. कफप्रकृतीचे, धष्टपुष्ट, सुट्टीच्या दिवशी दहा वाजेपर्यंत घोरणारे निशाचर आम्ही पुष्कळ पाहिले आहेत.

आधुनिक वैद्यकाने या भेदाला नाव दिले त्यासही आता बरीच वर्षे झाली. मनुष्य सकाळचा की संध्याकाळचा हे ठरवणारी हॉर्न व ओस्टबर्ग यांची प्रश्नावली १९७६ साली प्रसिद्ध झाली. झोपेची वेळ पुढे सरकण्याचा विकार वाइट्झमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली वर्णिला. पेशीमध्येच दिवसरात्रीचे घड्याळ कसे चालते, हे फळमाशीवरील प्रयोगांतून उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश व यंग या तिघा संशोधकांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी, काही कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या उशिरा झोपण्याच्या प्रवृत्तीमागे एका जनुकातील बदल असल्याचेही दाखवले गेले. तारुण्यात ही वेळ स्वाभाविकपणेच पुढे जाते व विशीनंतर हळूहळू मागे येऊ लागते. वयपरत्वे दोष बदलतात हे मानणाऱ्या आपल्या शास्त्राला यात नवल वाटू नये.

आता ज्यांना काम जागवते त्यांच्याकडे वळू. येथे आपल्या संहिता आश्चर्य वाटावे इतक्या व्यवहारी आहेत. चरकसंहितेच्या अष्टौनिन्दितीय अध्यायात रात्रीचे जागरण रूक्ष, दिवसाची झोप स्निग्ध, आणि बसल्या बसल्या घेतलेली डुलकी ना रूक्ष ना अभिष्यंदी, असे तीन भाग पाडले आहेत. ग्रीष्म सोडून इतर ऋतूंत दिवास्वाप निषिद्ध असला, तरी कुणाला तो चालेल याची मोठी यादी तेथेच आहे. तीत गायन, अध्ययन, कष्ट, ओझे व प्रवास यांनी क्षीण झालेले येतात. वाहनाने व जागरणाने थकलेले एका दमात येतात. आणि ज्यांना दिवसा झोपण्याची सवयच आहे तेही येतात. गाणे, गाडी आणि जागरण या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की झाडीपट्टीचा कलावंत उभा राहतो. त्याला दिवसा झोपू नकोस म्हणणारा वैद्य चरकांच्या विरुद्ध बोलत असतो.

किती झोपावे, याचेही प्रमाण आहे. सुश्रुतांनी रात्री जागलेल्यास जागरणाच्या निम्मा काळ दिवसा झोपण्यास अनुमती दिली. अष्टांगहृदयाने त्यात दोन महत्त्वाच्या गोष्टी घातल्या : ही झोप सकाळी घ्यावी आणि काही न खाता घ्यावी. रात्री दहा ते सकाळी सहा अशी पाळी असेल तर जागरण आठ तासांचे, म्हणून सकाळची झोप चार तासांची, आणि तीही उपाशीपोटी.

आमच्या अनुभवात सर्वाधिक गडबड होते ती याच ‘उपाशीपोटी’ शब्दापाशी. पाळी सुटलेला कामगार फाटकाबाहेर टपरीवर तर्रीपोहे, वर दोन कप चहा घेतो. घरी आला की बायकोने वाढलेला भात-वरण जेवतो आणि लगेच आडवा होतो. जागरणाने आधीच अग्नी विषम, त्यात गुरू अन्न, त्यावर स्निग्ध गुणाची दिवसाची झोप, आणि काळ सकाळचा म्हणजे कफाचा. चार महिन्यांत त्याच्या छातीत जळजळ, तोंडाला आंबट पाणी, सकाळी जडपणा व पोटाचा घेर या तक्रारी घेऊन तो आपल्याकडे येतो. आपण अविपत्तिकर चूर्ण देतो. चूर्णाने आठ दिवस बरे वाटते, पण पोहे सुटत नाहीत.

उपाशीपोटी झोप लागत नाही, ही त्याची अडचण खरी आहे. यावर जेवणाच्या वेळा बदलणे हाच उपाय आम्हास सापडला. पाळीवर जाण्यापूर्वी आठच्या सुमारास पूर्ण जेवण. मध्यरात्रीपूर्वी गरज वाटल्यास पातळ पेज किंवा मुगाचे कढण. त्यानंतर पहाटेपर्यंत केवळ कोमट पाणी. दही रात्री निषिद्धच आहे. घरी आल्यावर भूक सहन होत नसेल तर वाटीभर पेया घेऊन झोपावे आणि पूर्ण जेवण उठल्यावर करावे. वाटीभर पेयेने ‘न खाता’ या शब्दाचा भंग होतो हे आम्हास मान्य आहे. पण भरल्या ताटापेक्षा तो भंग परवडला. कृत्रिमरीत्या रात्रपाळीत ठेवलेल्या थोड्याशा निरोगी तरुणांवर अमेरिकेत झालेला एक प्रयोग २०२१ साली प्रसिद्ध झाला. रात्री जेवणाऱ्यांची रक्तशर्करा बिघडली, केवळ दिवसा जेवणाऱ्यांची बिघडली नाही, असे त्यात आढळले. प्रयोग लहान आहे, तथापि त्याची दिशा वाग्भटांच्या अटीशी जुळणारी आहे.

चार तासांचे प्रमाण मात्र डोळे झाकून लावू नये. वाग्भटांचे वाक्य सवयीबाहेरच्या जागरणासाठी आहे, म्हणजे एखाद्या रात्रीसाठी. सलग सहा रात्रींच्या पाळीत केवळ चार तास झोपणारा मनुष्य सहाव्या दिवशी दुचाकीवरच पेंगतो. त्याला सकाळी चार तास आणि पाळीवर जाण्यापूर्वी संध्याकाळी आणखी तास-दीड तास झोप लागते. स्थूल, मधुमेही, कफाच्या विकारांचा रुग्ण असेल तर ही दुसरी झोप आडवे न होता आरामखुर्चीत बसून घ्यावी. आसनावरच्या डुलकीचा चरकांनी सांगितलेला मध्यम गुण येथे उपयोगी पडतो. मेदस्वी, नित्य स्नेहसेवी, कफप्रकृतीचे, कफाचे रोगी व दूषीविषाचे रुग्ण यांना दिवास्वाप वर्ज्य आहे, हे विसरून चालणार नाही. तथापि रात्रपाळीच्या स्थूल कामगाराला मुळीच झोपू नको म्हणणे हा उपदेश नव्हे.

सात्म्याचा विचार यापुढचा. ज्यांना दिवसा झोपणे व रात्री जागणे अंगवळणी पडले, त्यांना त्यापासून दोष होत नाही, असे सुश्रुतांनी म्हटले आहे. यावरून काही मंडळी रात्रपाळीला निरुपद्रवी ठरवतात. कायम रात्रीच काम करणाऱ्या पहारेकऱ्याच्या बाबतीत याला काही अर्थ आहे, पण पाळी दर आठवड्याला बदलत असेल तर सात्म्य होणार कशाचे? शिवाय सुट्टीच्या दिवशी तो मनुष्य घरच्यांसाठी दिवसाच जागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ साली शरीराचे घड्याळ बिघडवणारी पाळी बहुधा कर्करोगकारक या वर्गात घातली व २०१९ साली रात्रपाळीबाबत तोच निर्णय कायम ठेवला. पाळ्या सकाळ, मग दुपार, मग रात्र अशा पुढे सरकत गेल्या तर शरीर त्या अधिक सहज सोसते, उलट क्रमाने जड जाते. कारण झोप मागे खेचण्यापेक्षा पुढे ढकलणे बहुतेकांना सोपे असते. कारखान्यांच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांशी ओळख असलेल्या आपल्या सभासदांनी ही गोष्ट जरूर बोलावी. त्यास औषध लागत नाही.

औषधाविषयी लिहिताना आम्हास स्वतःची एक चूक सांगणे भाग आहे. काही वर्षांपूर्वी पवनी तालुक्यातील एक शेतकरी दिवसा झोप येत नाही म्हणून आमच्याकडे आला. मार्च महिना, उन्हाळी धान. आम्ही नाडी पाहिली, जीभ पाहिली, सर्पगंधायुक्त वटी दिली आणि दुपारी दोन गोळ्या घेण्यास सांगितले. तो रात्री काय करतो, हे विचारले नाही. पाचव्या दिवशी त्याची पत्नी आली. रात्री मोटार सुरू करून परत येताना धुऱ्यावर त्याला भोवळ आली व तो पाण्याच्या चारीत पडला. शेजारच्या बांधीतील माणूस जागा होता म्हणून तो वाचला. नंतर कळले की, तालुक्याच्या गावी एका डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळीही सुरू केली होती. तो प्रश्नही आम्ही विचारला नव्हता.

सर्पगंधेने रक्तदाब उतरतो, हे आपणच जगाला शिकवले. गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ साली तिच्याविषयी लिहिले, मुंबईच्या डॉ. रुस्तम वकील यांचा रक्तदाबावरील निबंध १९४९ साली ब्रिटनमधील नियतकालिकात आला. आणि १९५२ साली तिच्यातील रिसर्पिन वेगळे काढले गेले. मन खिन्न होणे हा तिचा दुष्परिणाम पुढे प्रसिद्ध झाला. सर्पगंधाघन वटीच्या प्रचलित पाठात तिच्यासोबत खुरासानी ओवा, जटामांसी व भांग येतात. यांतील खुरासानी ओवा व भांग ही औषधी द्रव्ये व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या परिशिष्ट ई-१ मध्ये आहेत. म्हणून अशा औषधाच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना इंग्रजी व हिंदीत छापणे बंधनकारक आहे. औषधालयाच्या मालक बंधूंना आमची विनंती अशी की, झोपेची ‘आयुर्वेदिक’ गोळी मागणाऱ्या गिऱ्हाइकास तीन गोष्टी विचाराव्यात : रात्री काम काय करता, गाडी चालवता का, आणि रक्तदाबाची वा मनाच्या विकाराची गोळी चालू आहे का. तीनपैकी एकाचेही उत्तर होकारार्थी आले, तर वैद्याकडे पाठवावे. एक गिऱ्हाईक गेले तरी चालेल. अल्प्राझोलाम, झोल्पिडेम यांसारख्या गोळ्या २०१३ च्या अधिसूचनेने परिशिष्ट एच-१ मध्ये गेल्या आहेत. त्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत आणि त्यांची नोंद तीन वर्षे जपावी लागते. आयुर्वेदिक गोळीला असे रजिस्टर नाही, म्हणून तिची विक्री सैल होते.

रात्री काम करणाऱ्यास दिवसा झोप यावी म्हणून आम्ही आता शक्यतो पोटात औषध देत नाही. चरकांनी निद्रा आणणाऱ्या उपायांत अभ्यंग, स्नान, संवाहन, शालीचा भात, दूध, मनाला प्रिय असे वातावरण व चांगली शय्या सांगितली आहे. म्हशीचे दूध तर निद्राकारक द्रव्यांत श्रेष्ठ म्हटले आहे. धानाच्या या जिल्ह्यात भात व म्हशीचे दूध यांची वाण नाही. फक्त ते पाळीवरून आल्यावर न देता झोप पुरी झाल्यानंतरच्या व संध्याकाळच्या आहारात द्यावे. घरी येताच कोमट पाण्याने हातपाय धुऊन तळपायांस तिळाचे तेल चोळावे. खिडकीला जाड चादर लावावी. येताना उन्हाचा चष्मा किंवा टोपी घालावी, कारण सकाळचा प्रकाश शरीरास ‘दिवस झाला’ असे सांगतो. मे महिन्यात कौलारू किंवा पत्र्याच्या घरात दुपारी झोप येणे कठीण, म्हणून सकाळची झोप अकरापूर्वी पुरी व्हावी. कूलरपुढे तोंड करून झोपू नये. शेजारी लग्नाचा बँड लागला तर कोणत्याही संहितेत उपाय नाही. उठल्यावर जडपणा असेल तर प्रतिमर्श नस्य द्यावे. दिवसाच्या झोपेनंतरचा काळ हा वाग्भटांच्या प्रतिमर्शाच्या पंधरा काळांत मोडतो, ही गोष्ट आपल्यापैकी अनेकांनी लक्षात घेतलेली नसते.

शेवटी, घरात ज्याला आळशी म्हणतात त्या तरुणाविषयी. मागील वर्षी मोहाडी तालुक्यातून एक वडील आपल्या मुलास घेऊन आले. पोलीस भरतीसाठी पहाटे पाचला मैदानावर धावायचे, आणि मुलाचा डोळा रात्री दोनपूर्वी लागत नाही. तीन तासांच्या झोपेवर तो धावत होता, दोनदा घोटा मुरगळला होता. वडिलांचा आग्रह झोपेच्या औषधाचा. सुट्टीचा प्रश्न विचारला : दोन ते दहा, गाढ झोप, उठल्यावर प्रसन्न. औषध दिले नाही. चरक व वाग्भट यांनी अहितकर सवय एकदम न सोडता पावापावाने किंवा पावाच्याही पावाने सोडण्यास सांगितले आहे आणि मधे एक, दोन, तीन दिवसांचे अंतर ठेवण्यास सांगितले आहे. दोन तास मागे आणायचे तर पावाने अर्धा-अर्धा तास होतो, पावाच्या पावाने साडेसात मिनिटे. आम्ही मधला मार्ग म्हणून पंधरा मिनिटे धरली. आणि ती झोपण्याच्या वेळेतून न काढता उठण्याच्या वेळेतून काढली, कारण झोप बळेच लावता येत नाही, पण उठणे मनुष्याच्या हाती असते. उठल्याबरोबर घराबाहेर उजेडात अर्धा तास, व्यायाम अर्धशक्तीने, संध्याकाळनंतर चहा बंद, दहानंतर मोबाईल दुसऱ्या खोलीत, रविवारीही उठण्याची वेळ तीच. मैदानाची वेळ दोन महिने संध्याकाळची ठेवण्यास वडिलांस राजी केले. हेच सर्वांत कठीण गेले.

दोन महिन्यांनी झोपण्याची वेळ साडेबाराला आली आणि तेथेच थांबली. त्याहून मागे ती आजपर्यंत आलेली नाही. पहाटेच्या पाचला तो आता पोहोचतो तो दुपारी तासभर झोपून. ग्रीष्मात हे शास्त्राला मान्य आहे, हिवाळ्यात आम्ही त्याला खुर्चीतच डुलकी घेण्यास सांगितले आहे. घोटा बरा आहे.